आयझॅक हेज : गाणी बँकेत गेली, आवाज उरला

रेकॉर्डवेडा

परवा मित्राकडे जेवायला गेलो होतो. त्याच्या कॉलेजातल्या लेकाने विचारलं, "काका, साउथ पार्क कार्टूनमधला तो शेफ खरा गायक होता म्हणे?" मी बोलायला लागलो आणि पोळ्या गार झाल्या. वहिनींनी डोळे वटारले तेव्हा थांबलो. जे पोटात राहिलं ते इथे ओततोय. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आयझॅक हेज. जन्म २० ऑगस्ट १९४२, अमेरिकेच्या टेनेसी राज्यातलं कोव्हिंग्टन. आईवडिलांचं छत्र लहानपणीच हरपलं, आजीआजोबांनी वाढवलं. ते दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवायचे, नातूही वेचणीला जायचा. पाचव्या वर्षी चर्चमध्ये गायला लागला. पुढे कुटुंब मेम्फिसला आलं. शाळा मध्येच सुटली होती, ती त्याने एकविसाव्या वर्षी पुरी केली. दिवसा मांसाच्या कारखान्यात काम आणि रात्री क्लबात पियानो, असं चाललं होतं.

मेम्फिसमध्ये मॅकलमोर ॲव्हेन्यूवर एक बंद पडलेलं सिनेमा थिएटर होतं. जिम स्टुअर्ट आणि एस्टेल ॲक्स्टन या गोऱ्या भावाबहिणीने तिथे स्टुडिओ थाटला. दोघांच्या आडनावांचे तुकडे जोडून कंपनीचं नाव झालं स्टॅक्स. थिएटरची उतरती जमीन तशीच ठेवलेली, आणि खाऊ विकायच्या जागेत रेकॉर्डचं दुकान. बाहेरच्या शहरात काळा-गोरा भेद पाळला जात होता, आत मात्र दोघे एका खोलीत बसून वाजवत होते. हेज तिथे शिरला तो बदली कीबोर्डवादक म्हणून. ओटिस रेडिंगच्या रेकॉर्डिंगला त्याने साथ केली आहे.

तिथेच त्याची जोडी जमली डेव्हिड पोर्टरशी. पोर्टर समोरच्या किराणा दुकानात कामाला होता आणि फावल्या वेळात विमा विकायचा. या दोघांनी मिळून सुमारे २०० गाणी लिहिली. सॅम आणि डेव्ह या जोडगोळीची गाजलेली गाणी यांचीच. 'होल्ड ऑन, आय ॲम कमिंग' (१९६६) कसं सुचलं माहितेय? पोर्टर संडासात जाऊन बसला होता, हेज बाहेरून घाई करत होता, आतून उत्तर आलं आणि तेच गाण्याचं धृपद झालं. 'सोल मॅन'ची (१९६७) गोष्ट गंभीर आहे. त्या उन्हाळ्यात डेट्रॉइटमध्ये दंगल पेटली होती. आपलं दुकान जाळलं जाऊ नये म्हणून काळे दुकानदार दारावर 'सोल', म्हणजे 'आम्ही तुमच्यातलेच', असं रंगवत होते. हेजने ते टीव्हीवर पाहिलं.

इथवर तो पडद्यामागचा माणूस होता. मग चार महिन्यांत दोन घाव बसले. डिसेंबर १९६७ मध्ये ओटिस रेडिंग विमान अपघातात गेला. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन लूथर किंग यांची हत्या झाली, तीही मेम्फिसमध्येच, लॉरेन मोटेलमध्ये. स्टॅक्सची मंडळी गाणी लिहायला, पोहायला जिथे जात तेच हे मोटेल. त्यानंतर जवळजवळ वर्षभर हेजला काही लिहिताच येईना.

आणि वर्षभराने जे आलं ते म्हणजे 'हॉट बटर्ड सोल' (१९६९). अख्ख्या अल्बममध्ये चार गाणी! 'वॉक ऑन बाय' हे डिऑन वॉर्विकचं तीन मिनिटांच्या आतलं गाणं त्याने १२ मिनिटं केलं. 'बाय द टाइम आय गेट टू फीनिक्स' हे ग्लेन कॅम्पबेलमुळे गाजलेलं, तेही तीन मिनिटांच्या आतलं. हेजकडे ते १८ मिनिटांहून लांबलं. त्यातली पहिली आठेक मिनिटं तो गातच नाही. ऑर्गनवर एक सूर धरलेला, खाली बास गिटारची धडधड, आणि हा खर्जात गोष्ट सांगतोय. एक माणूस, त्याची बायको, तिने केलेला दगाफटका. सात वेळा घर सोडून तो सात वेळा परत येतो. आठव्या वेळी पहाटे जुनी फोर्ड काढतो आणि निघतो. तिथे गाणं सुरू होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे : "गायक होता, सिनेमातही कामं केली" हे त्याच्याबद्दल सगळीकडे लिहिलेलं असतं, ते मला पटत नाही. नट म्हणून कॅमेऱ्यासमोर येण्याच्या पाच वर्षं आधी, १९६९ मध्ये, या माणसाने रेकॉर्डवर भूमिका करून दाखवली होती. पुढचे सिनेमे त्याच आवाजातून आले. आणि पुढे जेव्हा सगळं गेलं, म्हणजे अगदी स्वतःच्या गाण्यांचे हक्कसुद्धा, तेव्हा त्याला त्या आवाजानेच जगवलं.

'शाफ्ट', ऑस्कर आणि दिवाळखोरी प्रतिसादांत लिहितो. आता झोप.

बटाटेभात

वाचतोय. गळ्यात सोन्याच्या साखळ्या, काळा चष्मा... फोटो बघून आधी बप्पीदा आठवले. 😀

अनुस्वार

@बटाटेभात, हा विनोद येणार हे माहीतच होतं, दहा मिनिटांत आला. पण फरक आहे. हेज नुसत्या साखळ्याच अंगात घालायचा, उघड्या अंगावर. ज्यांच्या पूर्वजांना साखळदंडांनी बांधून आणलं त्यांतल्या एकाने त्याच साखळ्या सोन्याच्या करून मिरवाव्यात, याचा अर्थ तिकडच्या प्रेक्षकांना वेगळा सांगावा लागला नसेल.

जुनी_पेठ

त्या फीनिक्सबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते वाचून मी ते यूट्यूबवर ऐकलं. इंग्रजी गाणी मी कधी ऐकत नाही. वय ७१. अहो, हे तर कीर्तन आहे! पेटीवाल्याने सूर धरून ठेवायचा, बुवांनी आख्यान लावायचं, लोकांना हसवायचं, मधेच पोटात कालवायचं, आणि मग नेमक्या क्षणी पद उचलायचं. ते पद आपण शंभरदा ऐकलेलं असतं, पण आख्यानानंतर ते नवीन लागतं. आमच्या लहानपणी देवळात हेच व्हायचं, फक्त फोर्ड गाडी नव्हती.

रेकॉर्डवेडा

@जुनी_पेठ, दंडवत घ्या! हे मला वीस वर्षांत सुचलं नाही. आणि उगमही तसाच आहे. मेम्फिसच्या टिकी क्लबात हे गाणं तो पहिल्यांदा म्हणायला उभा राहिला तेव्हा लोक गप्पांत दंग होते. बार-केज हा बँड साथीला होता, त्यांना त्याने पहिलाच सूर धरून ठेवायला सांगितलं आणि बोलायला लागला. बडबड हळूहळू थांबली. म्हणजे श्रोत्यांना गप्प करायची युक्ती होती ती, पुढे तीच शैली झाली. शिवाय तो चर्चमधून आलेला. तिथला पाद्रीही बोलता बोलता गायला लागतो.

अल्बम निघाला कसा, तेही मजेशीर आहे. १९६८ मध्ये स्टॅक्सचं ॲटलांटिक कंपनीशी फाटलं, आणि करारातल्या एका कलमामुळे आजवरच्या सगळ्या मूळ ध्वनिफिती ॲटलांटिककडे गेल्या. स्टुअर्टने ते कलम वाचलंच नव्हतं. दुकान एका रात्रीत रिकामं. मग अल बेल या कर्त्या माणसाने १९६९ च्या मध्यावर एकदम २७ अल्बम काढायचं ठरवलं. त्या गर्दीत हेजकडून कुणाला फार अपेक्षा नव्हती, म्हणून त्याला हवं ते करू दिलं. २७ मध्ये तोच सगळ्यांत जास्त चालला. दहा लाखांवर खप.

तारीख_पे_तारीख

न वाचता सही. माझ्या पोटापाण्याचा धंदाच या वाक्यावर चालतो. चालू द्या, हक्कांच्या भागावर मी येईन.

किबोर्डतोड्या

'शाफ्ट'वर कधी येताय? मी गिटार वाजवतो (वाईट), पण वा-वा पेडल (गिटारचा सूर 'वा-वा' असा वळवणारं पायाखालचं यंत्र) घेतल्यावर पहिल्या दिवशी जे वाजवलं ते तेच.

रेकॉर्डवेडा

आलोच. १९७१. दिग्दर्शक गॉर्डन पार्क्स, कंपनी एमजीएम, नायक न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीत वावरणारा काळा खासगी गुप्तहेर. हेजला संगीताबद्दल विचारलं तेव्हा त्याला खरं म्हणजे शाफ्टची भूमिका हवी होती. चाचणीची आशा लावून बसला, पण तोवर रिचर्ड राउंडट्री ठरलेला होता. संगीत तेवढं पदरात पडलं.

शीर्षकगीताची घडण ऐका. सुरुवातीला फक्त हाय-हॅट झांज, एका ठोक्याला चार अशी भरभर, विली हॉलने वाजवलेली. ती कल्पना ओटिस रेडिंगच्या 'ट्राय अ लिटल टेंडरनेस'मधल्या एका तुकड्यावरून घेतली. मग चार्ल्स 'स्किप' पिट्सची वा-वा गिटार. तो तुकडा आधीच एका अर्धवट राहिलेल्या गाण्यासाठी तयार होता, तो इथे कामी आला. मग बासरी, मग ब्रास, व्हायोलिनं. अल्बममधल्या गाण्यात सुमारे अडीच मिनिटं गाणारा तोंडच उघडत नाही! उघडतो तेव्हा प्रश्न विचारतो, आणि मागच्या बाया उत्तर देतात. शेवटी तो शिवी हासडणार तोच त्या त्याला गप्प करतात. त्यातली एक टेल्मा हॉपकिन्स, तीही पुढे टीव्हीवर अभिनेत्री म्हणून नावारूपाला आली. म्हणजे गाणं कसलं, संवादच आहेत ते.

नोव्हेंबर १९७१ मध्ये गाणं बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. १० एप्रिल १९७२ ला ऑस्करच्या मंचावर हेज साखळ्या घालून गायला, आणि सर्वोत्तम गीताचा पुरस्कार त्यालाच मिळाला. या विभागातला तो पहिला कृष्णवर्णीय विजेता. त्याआधी स्पर्धेतून ऑस्कर मिळवणारे कृष्णवर्णीय दोनच, हॅटी मॅकडॅनिएल आणि सिडनी पॉइटिए, आणि दोघंही अभिनयासाठी. हेजने सोबत आजीला नेलं होतं. जिने कापसाच्या शेतात वाढवलं ती आजी, ऐंशीव्या वाढदिवसाच्या तोंडावर. पुरस्कार त्याने तिलाच दिला.

त्याच वर्षी २० ऑगस्टला, म्हणजे त्याच्या तिसाव्या वाढदिवशी, लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये वॉटस्टॅक्स ही स्टॅक्सची मोठी मैफल झाली. तिकीट एक डॉलर, लाखभर माणूस. शेवटचा कलाकार हेज.

किबोर्डतोड्या

ते अडीच मिनिटांचं गणित मला लागू पडतं. सिनेमात तेवढा वेळ राउंडट्री नुसता चालतोय, भुयारी रेल्वेतून वर येतो, रस्ता ओलांडतो, टॅक्सीवाल्यावर खेकसतो. हाय-हॅट म्हणजे त्याच्या बुटांची चाल, वा-वा म्हणजे मान वळवून बघणं. गायक मधे आला असता तर चाल मोडली असती.

बाकी सत्तरच्या दशकातल्या हिंदी पाठलागाच्या दृश्यांत ही वा-वा गिटार किती आहे, यावर वेगळा धागा होईल. पंचमभक्त अंगावर येतील म्हणून मी काढत नाही.

स्वयंपाकघरातून

म्हणजे त्यांचा किशोर म्हणायचा का? संगीतकार, गायक, नट, आणि थोडा चक्रम.

रेकॉर्डवेडा

@स्वयंपाकघरातून, तुलना मोहात पाडते पण जमत नाही. किशोर जन्मजात नट होता, चेहऱ्याची प्रत्येक शीर नाचायची. हेजचा चेहरा हलत नाही. तो उभा राहतो, बघतो, आणि मग ते खर्जातलं बोलणं येतं. त्याच्या भूमिका सगळ्या या स्थिरपणावर उभ्या आहेत.

१९७४ मध्ये दोन सिनेमे आले. 'थ्री टफ गाइज' हा इटालियन निर्मितीचा, शिकागोत घडणारा. लिनो व्हेंतुरा पाद्री, हेज नोकरी गेलेला पोलीस. सिनेमा बेताचाच. पण त्याचं संगीत हेजचंच होतं, आणि त्यातला एक तुकडा दिग्दर्शक टॅरँटिनोने जवळजवळ तीस वर्षांनी 'किल बिल'च्या पहिल्या भागात वापरला. दुसरा 'ट्रक टर्नर', दिग्दर्शक जोनाथन कॅप्लन. हा बघाच. जामिनावर सुटून पळालेल्यांना पकडून आणणारा माजी फुटबॉलपटू, घरात पसारा, शर्टाला मांजराचा वास. नायक म्हणून मिरवायची हौसच नाही. समोर याफेट कोटो, आणि 'स्टार ट्रेक'मधली सोज्वळ उहुरा, म्हणजे निशेल निकोल्स, इथे अशा शिव्या घालते की कान झाकावेत.

आता पडझड. त्याच १९७४ मध्ये स्टॅक्स बुडायला लागलं. थकलेल्या पैशांसाठी हेजने कंपनीवर ५३ लाख डॉलरचा दावा लावला. तडजोड अशी झाली की त्याला करारातून मोकळं केलं, पण स्टॅक्सकडून येणारं त्याचं मानधन त्याच्या कर्जापोटी बँकेकडे वळतं झालं. १९७५ च्या डिसेंबरात स्टॅक्सला टाळं लागलं. १९७६ मध्ये हेजने दिवाळखोरी जाहीर केली, देणं ६० लाख डॉलरच्या वर. घर गेलं, सामान गेलं. आणि आजवर जे लिहिलं, गायलं, घडवलं त्या सगळ्याच्या पुढच्या मानधनावरचा हक्कही गेला. 'सोल मॅन' कुठेही वाजलं तरी त्याला दमडी नाही.

जुनी_पेठ

बालगंधर्व. दुसरं नावच येत नाही डोळ्यांसमोर. अत्तरं, शालू, गालिचे, मंडळींची पंगत, आणि कर्जाचा डोंगर. तेही १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त एकनाथ होऊन पडद्यावर आले. माझ्या वडिलांनी तो पाहिला होता. ते म्हणायचे, देव तोच, पण देऊळ चुकलं.

रेकॉर्डवेडा

तुमच्या वडिलांचं वाक्य वहीत लिहून घेतलं. गंधर्वांची कला समोरच्या श्रोत्यावर पोसलेली होती. वन्समोअर नाही तर रंग नाही, मग कॅमेऱ्यासमोर ती कोमेजणारच. हेजचं उलट होतं. त्याचा आवाज माइकजवळचा. कुजबुजला तरी पोचायचा. सिनेमाला तसलाच आवाज लागतो. म्हणून गंधर्वांना पडदा मानवला नाही आणि याला मानवला, असं मला वाटतं.

तारीख_पे_तारीख

हक्कांवर थोडं. अमेरिकेच्या १९७६ च्या कॉपीराइट कायद्यात एक सोय आहे. १९७८ पूर्वीची जी गाणी लेखकाने विकून टाकली, ती ५६ वर्षांनी त्याला किंवा त्याच्या वारसांना परत मागता येतात. ठरावीक मुदतीत नोटीस द्यायची, बस. मूळ करारात काहीही लिहिलेलं असो. कायदा करणाऱ्यांनी हे ओळखलं होतं की तरुण कलाकार भुकेच्या पोटी काहीही लिहून देतो. १९६६ अधिक ५६ किती होतात ते करून बघा.

आणि २०२४ मध्ये 'होल्ड ऑन, आय ॲम कमिंग' ट्रम्प यांच्या प्रचारसभांत वाजत होतं म्हणून हेजच्या वारसांनी दावा लावला. सप्टेंबरात अटलांटाच्या न्यायाधीशांनी, खटला चालू असेपर्यंत ते वाजवू नका, असा तात्पुरता मनाई हुकूम दिला. संडासातून आलेल्या एका ओळीवर फेडरल कोर्टात युक्तिवाद. मला माझ्या पेशाचा अभिमान वाटतो तो अशाच दिवशी.

मिसिसिपीकाठी

उशिरा धागा पाहिला. नोकरीमुळे गेली नऊ वर्षं मेम्फिसला आहे. इथे भारतातून पाहुणे आले की सगळ्यांना एल्व्हिसचं घर बघायचं असतं. मी त्यांना आधी मॅकलमोर ॲव्हेन्यूला नेतो.

मूळ इमारत १९८९ मध्ये पाडली. बरीच वर्षं तिथे नुसतं गवत होतं. २००३ मध्ये त्याच जागी तशीच इमारत उभारून संग्रहालय केलं, दर्शनी भाग हुबेहूब, स्टुडिओची उतरती जमीनसुद्धा. आत शिरलात की पहिल्यांदा भेटतं ते एक खरंखुरं लाकडी चर्च, मिसिसिपीतून उचलून आणून बसवलेलं. सोल संगीत कुठून आलं ते एका शब्दाशिवाय कळतं. आणि पुढे एका फिरत्या चौथऱ्यावर हेजची कॅडिलॅक. मोरपंखी निळा रंग, सोन्याचा मुलामा, आत केसाळ गालिचा, फ्रिज, टीव्ही. १९७२ मध्ये कंपनीने दिलेली. माझी आई ती बघून म्हणाली, "ह्यात बसून भाजी आणायला जायचं कसं?"

लॉरेन मोटेल इथून लांब नाही. १९९१ पासून ते नागरी हक्कांचं संग्रहालय आहे. खोली क्रमांक ३०६ च्या बाहेर पांढरं फुलांचं चक्र लावलेलं असतं. दोन्ही ठिकाणं एका दिवशी बघू नका. मी एकदा केलं, रात्री जेवण गेलं नाही.

रेकॉर्डवेडा

@मिसिसिपीकाठी, हा प्रतिसाद वर मूळ लेखात असायला हवा होता.

त्या कॅडिलॅकवरून 'एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क' (१९८१) आठवला. जॉन कारपेंटरचा सिनेमा. १९९७ साली अख्खं मॅनहॅटन तुरुंग झालंय, आणि त्या तुरुंगाचा राजा म्हणजे ड्यूक. तो हेज. त्याच्या कॅडिलॅकच्या पुढच्या बाजूला चक्क झुंबरं लावलेली! काळोख्या रस्त्यातून ती झुंबरं डुलत येतात तेव्हा हसू येतं, आणि लगेच भीती वाटते. संवाद मोजून थोडे आहेत. दिवाळखोरीनंतर पाच वर्षांनी हा माणूस एका उद्ध्वस्त शहराचा राजा म्हणून झुंबराच्या गाडीतून फिरतोय, यातला विनोद त्याला स्वतःला कळत असणारच.

टीव्हीवर 'रॉकफर्ड फाइल्स'मध्ये तो गँडी फिच होता, तुरुंगातून सुटलेला, नायकाला कायम 'रॉकफिश' म्हणणारा. १९७७ च्या एका भागात त्याच्यासोबत डिऑन वॉर्विक आहे, जिचं गाणं त्याने बारा मिनिटं ताणलं होतं तीच. १९७९ मध्ये तिच्या 'देजा व्हू' गाण्याची चाल त्याचीच. पुढे १९८८ ला 'आय ॲम गॉना गिट यू सका', म्हणजे स्वतःच्याच जमान्याच्या सिनेमांची टवाळी. १९९३ ला मेल ब्रुक्सच्या रॉबिन हूडच्या विडंबनात. मधले बरेच सिनेमे पोटासाठी आहेत, ते मी पाहिलेत म्हणून तुम्ही पाहायची गरज नाही.

अनुस्वार

थोडं उलट बोलू? तुम्ही अभिनेत्याला जरा चढवताय. १९७५ नंतरचं त्याचं संगीत का उतरलं, हा प्रश्न तुम्ही टाळताय. डिस्कोच्या मागे लागून त्याने जे काढलं ते मला ऐकवत नाही. ज्याने तीन मिनिटांचं गाणं अठरा मिनिटांचं करायची हिंमत केली, तोच पुढे चार ठोक्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. सिनेमा हा त्या काळात आसरा होता, शिखर नव्हतं.

रेकॉर्डवेडा

@अनुस्वार, अर्धं मान्य. डिस्को अल्बम मीही विकून टाकलेत. पण आसरा मिळायलाही अंगात काही लागतं. त्या पिढीतले कितीतरी सोल गायक गाणं थांबल्यावर नुसते दिसेनासे झाले. आणि त्याचं जुनं संगीत तर दुसऱ्यांच्या हातात जिवंतच होतं. पब्लिक एनिमी या रॅप गटाने १९८८ मध्ये 'हॉट बटर्ड सोल'मधला पियानो उचलला, पोर्टिसहेड या ब्रिटिश बँडने १९९४ मध्ये 'ग्लोरी बॉक्स'साठी 'आइक्स रॅप'मधला तुकडा. नवी पोरं त्याच्यावर घरं बांधत होती.

बटाटेभात

शेफ राहिला की. त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर द्या.

रेकॉर्डवेडा

ऑगस्ट १९९७ पासून 'साउथ पार्क'मध्ये तो शाळेच्या भटारखान्यातल्या शेफचा आवाज झाला. पोरं भलतेसलते प्रश्न घेऊन येतात, शेफ शहाणपणाचं काही सांगायला लागतो आणि दर वेळी गाडी शयनगृहाच्या गाण्यावर घसरते. म्हणजे १९६९ चं ते आख्यानच, विडंबनातलं. त्यातलं मिठाईच्या पाककृतीचं एक चावट गाणं जानेवारी १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. (नाव लिहीत नाही, इथे घरगुती लोक आहेत.)

शेवट कडू झाला. हेज सायंटॉलॉजी पंथाचा. नोव्हेंबर २००५ मध्ये मालिकेने त्या पंथाची खिल्ली उडवली. जानेवारी २००६ मध्ये हेजला पक्षाघाताचा झटका आला. मार्चमध्ये जाहीर झालं की धर्माच्या टिंगलीमुळे तो मालिका सोडतोय. बाकी सगळ्या धर्मांची टिंगल चालली तेव्हा कुठे गेला होतास, असं निर्माते म्हणाले, आणि शेफला एका भागात भयंकर रीतीने मारून टाकलं. २०१६ मध्ये मुलाने सांगितलं की वडील त्या अवस्थेत निर्णय घेऊच शकत नव्हते, भोवतालच्यांनी त्यांच्या नावाने राजीनामा दिला. ज्याचा आवाज हीच मिळकत, त्याच्या नावाने तिसरंच कुणी बोलून गेलं.

मिसिसिपीकाठी

'हसल अँड फ्लो' (२००५) राहिला. मेम्फिसमध्येच घडणारा. त्यात तो आर्नेल नावाचा बारमालक आहे, दोन-चार दृश्यं. इथल्या उन्हाळ्याचा घाम त्या सिनेमात खरा आहे. २००६ मध्ये त्यातल्या गाण्याला सर्वोत्तम गीताचं ऑस्कर मिळालं, मेम्फिसच्याच थ्री सिक्स माफिया या रॅप गटाला. 'शाफ्ट'नंतर ३४ वर्षांनी.

१० ऑगस्ट २००८ ला तो घरी व्यायामाच्या ट्रेडमिलजवळ पडलेला सापडला. वय ६५. 'सोल मेन' या सिनेमाचं काम होऊन गेलं होतं, त्यात तो स्वतःच्याच भूमिकेत आहे. त्याच सिनेमातला बर्नी मॅक आदल्याच दिवशी गेला होता. सिनेमा नोव्हेंबरात आला.

स्वयंपाकघरातून

ऐकायला कुठून सुरुवात करू? १८ मिनिटं एकदम झेपणार नाहीत.

रेकॉर्डवेडा

'वॉक ऑन बाय'पासून. मोठ्या आवाजात, आणि मोबाइलच्या स्पीकरवर नको, बास ऐकूच येणार नाही. मग 'शाफ्ट'. सिनेमा बघायचा असेल तर 'एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क' आधी.

बटाटेभात

मी मात्र थेट फीनिक्सच लावलं, आज सकाळी, ऑफिसला जाताना. भांडुपला स्लो पकडली. विक्रोळी गेलं तरी बुवा बोलतोच आहे. शेजारचे काका माझ्या मोबाइलकडे बघत होते, शेवटी एक इअरफोन त्यांना दिला. शीव आलं तेव्हा गाणं संपलं. काका म्हणाले, "आठव्यांदा तरी गेला ना नक्की?"

जुनी_पेठ

मलाही तीच शंका आहे.